सोबत यादी जोडली आहे

आमच्या ऑफिसात फोन होते आणि तलावाच्या कामावरच्या ऑफिसातही फोन होते, असं सांगितलं की आजकालच्या माणसाला वाटतं, वा, काय सोय होती! सोय कपाळाची. मंगरूळपीरच्या ऑफिसात एक लाकडी बोर्ड होता, त्याला दहा फोन जोडलेले. कुणी दांडा फिरवला की बोर्डावर त्याच्या फोनची पत्र्याची झडप खाली पडायची, मग बोर्डावर बसलेल्या माणसानं विचारायचं, कोण पाहिजे, आणि दोरीची खुंटी त्याच्या भोकात खुपसायची. साहेब आणि हेडक्लार्क यांच्यामधे फक्त एक पार्टिशन होतं. तरी साहेब फोननंच बोलत, आणि फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून पार्टिशनवरून ओरडतही. मानोऱ्याच्या अलीकडे, तांड्यांच्या मधोमध, आमच्या खात्याच्या तलावाचं काम चाललं होतं. दुष्काळात सुरू केलेलं काम, पुढं दोन वर्षं पाऊस चांगला झाला तरी थांबलं नव्हतं, कारण थांबवायचा आदेश कुणी काढला नव्हता. तिथंही तसाच बोर्ड, तसेच दहा फोन. स्टोअरचा, खाणीचा, टाइमकीपरचा. तिकडचे तिकडं बोलत, इकडचे इकडं.

या दोन ऑफिसांच्या मधे होता माझा मामा आणि त्याची सायकल. बस.

मामा डाकेचा माणूस. सकाळी थैली कॅरिअरला बांधून निघायचा, दुपारच्या आत तलावावर, आणि दिवस कलायच्या आधी परत. सत्तरच्या दशकातल्या त्या मधल्या वर्षांत वाशीम जिल्हा झाला नव्हता, आम्ही अकोल्याचेच, आणि अकोल्याहून साहेबाला काही विचारायचं असलं तर एका तारेत विचारत. पण तोच प्रश्न मंगरूळपीरहून तलावावर जायला मामाच्या दोन पायांवरच अवलंबून. छप्पन सालानंतर, म्हणजे आमच्या लोकांनी धम्म घेतल्यावर, मोठा बाप्या असताना तो अक्षरं शिकला. लग्न झालेला, मिशा असलेला माणूस पाटीवर ग म भ न काढायचा. पाकिटावरची नावं तो खणखणीत वाचायचा, पण आतला कागद कधी बघितला नाही. मी एकदा विचारलं, "मामा, तुमाले वाचता येते तं आत काय लिवलं पाहू नये वाटत?" तर म्हणाला, "वाचता येते म्हनूनच तं पाहाचं नसते. ज्याले येत नाही त्यानं पाह्यलं तं काय फरक पडते?" इतकी वर्षं झाली, एक कागद त्याच्या हातून हरवला नव्हता. हे तो स्वतः सांगायचा नाही. मामी सांगायची, येईल त्याला, पाणी देता देता.

मला नोकरीला त्यानंच लावलं. आयटीआयमधून वायरमन होऊन मी घरी बसलो होतो, तर साहेबासमोर जाऊन उभा राहिला. "माह्या बहिनीचा पोरगा हाय, खांबावर चढते." एवढंच बोलला म्हणे. मी रोजंदारीवर लागलो. तोही रोजंदारीवरच होता, पण त्याची रोजंदारी इतकी जुनी की लोक विसरले होते.

मग साहेबाच्या मनात आलं की ही दोन ऑफिसं तारेनं जोडावी. म्हणजे इथल्या हेडक्लार्कनं आपल्या टेबलावरून दांडा फिरवला की थेट तिथल्या स्टोअरकीपरच्या कानात. वर प्रस्ताव गेला. वरच्यांनी विचारलं, याची गरज काय? खर्च कशातून वाचेल? हेडक्लार्कनं त्याच्या ठरलेल्या तिरक्या अक्षरात उत्तर लिहिलं, लाइन दोन्ही बाजूंनी चालू झाल्यावर डाकवाहक रोजंदार एक कमी करता येईल. प्रस्ताव मंजूर झाला. आणि लाइन टाकायचं काम कुणाकडे? माझ्याकडे. म्हणजे ज्या माणसानं मला नोकरी लावली, त्याची नोकरी काढायचं काम मला मिळालं, आणि ते चांगलं केलं तर मला कायम करतील असंही साहेब म्हणाले. यावर काय बोलावं? मी "हो साहेब" म्हणालो. दुसरं काही येतच नव्हतं मला.

मामाची मोठी पोरगी तेव्हा अकोल्याला नर्सिंग शिकत होती. अजून दोन वर्षं राहिली होती तिची. मामाला सगळं माहीत होतं. ज्या पत्रात त्याला कमी करायचं लिहिलं होतं, त्याची प्रत तलावाच्या ऑफिसात त्यानंच वाहून नेली होती, न उघडता. कळलं ते हेडक्लार्कच्या तोंडून. मामा मला म्हणाला, "पोरीचे दोन सालं निंगू दे, मंग मले घरी बसवा. तवरिक निंगते का पाह्य." असं म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी लाइनची वाट दाखवायला माझ्यासोबत आला! काय माणूस होता बाप्पा.

साहेबानं नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली होती. जमिनीवर ती रेघ कुठंच दिसेना. एक पाटील म्हणे, माझ्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, खांब नको, शेजाऱ्याच्या धुऱ्यावर रोवा. शेजारी म्हणे, आधी त्याच्या धुऱ्यावर रोवा, मग बोलू. मी भांडायला निघालो की मामा मागून सदरा ओढायचा. "थांब लेका, तू खांबावर चढ, बोलाचं माह्यावर सोड." त्याला वाटेवरचा प्रत्येक माणूस ओळखत होता. कुणाचं औषध आणलेलं, कुणाच्या जावयाचा निरोप पोचवलेला. शेवटी साहेबाची रेघ राहिली नकाशावर आणि लाइन गेली मामाच्या सायकलच्या वाटेनं, वळणावळणानं, कारण त्या वाटेवर त्याला कुणी नाही म्हणत नव्हतं. चिनी मातीच्या वाट्या खांबावर बसवून मी तार ओढली, खाली मामा ताण बघायचा. दोन महिन्यांत लाइन उभी राहिली.

तार ओढून भागत नाही, हे साहेबाला कळत नव्हतं आणि मला कळत होतं. आपल्या बोर्डावर बसलेल्या माणसाला समजलं पाहिजे की मागितलेला माणूस आपल्यातला की पलीकडला. म्हणून मी यादी केली. मंगरूळपीरच्या सगळ्या फोनांना दहाच्या घरातले नंबर, तलावाच्या सगळ्यांना विसाच्या. इथं कुणी विसातला नंबर मागितला की खुंटी शेवटच्या भोकात, लाइनच्या, आणि दांडा फिरवायचा. पुढचं तिकडचा पाहील. तिकडं कुणी दहातला मागितला की त्यानं तसंच करायचं. एवढंच. आपल्याजवळ नसेल तर पलीकडं ढकल, पलीकडचा ओळखेल. पण ही यादी दोन्ही बोर्डांपाशी पाहिजे. एकाच बोर्डापाशी असली तर एकच बाजू हाक मारणार, दुसरी फक्त ओ देणार.

साहेबानं यादीवर सही केली, खाली लिहिलं की यादीप्रमाणे फोन करण्यास परवानगी आहे. दोन प्रती. एक मी आमच्या बोर्डाशेजारी चिकटवली. दुसरी एका पत्राला टाचणीनं जोडली, "सोबत यादी जोडली आहे", आणि तलावावर जायला डाकेत ठेवली. ती पोचली की लाइन दोन्ही बाजूंनी चालू, आणि मामा कमी. थैली भरून टेबलावर होती. मामा बाहेर च्या पीत होता. हेडक्लार्क कुठं गेला होता कोण जाणे. मी पत्र काढलं, यादी टाचणीतून ओढून घेतली, पत्र परत पाकिटात घातलं; तलावाची पाकिटं कुणी चिकटवत नसे, नुसती दुमडून ठेवत. यादी घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात. मामा आला, थैली उचलली, म्हणाला, "चाललो बाबू."

पुढं काय होईल याची मला भीती होती. तिकडून पत्र येईल, यादी मिळाली नाही म्हणून, आणि मी पकडला जाईन. पण मी खात्याला ओळखलं नव्हतं. तिकडच्या टाइमकीपरनं, तोच बोर्डावर बसायचा, पत्रावर लिहिलं, "यादी प्राप्त झाल्यावर पुढील कार्यवाही," आणि पत्र फायलीत लावून टाकलं. झालं. विचारलं कुणी? कुणी नाही.

लाइन सुरू झाली. साहेबानं नारळ फोडला, दांडा फिरवला, पलीकडून "हालो" आलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, सिमेंट किती शिल्लक आहे? पलीकडून आवाज आला, "पाह्यून कळवतो साहेब." आणि कळवलं, दुसऱ्या दिवशी, लेखी, मामाच्या थैलीतून. कारण आपण होऊन फोन करायची त्यांना परवानगी कुठं होती? यादी नव्हती ना! मग हे रोजचंच झालं. सकाळी आम्ही विचारायचं तारेतून, संध्याकाळी उत्तर यायचं सायकलवरून. प्रश्न जायला पळभर लागायचं नाही, म्हणून साहेबाला प्रश्नही जास्त सुचायला लागले. खडी किती, मजूर किती, पंप का बंद, कधी दुरुस्त झाला, मग पुन्हा का बंद. मामाची थैली आधीपेक्षा फुगली. "हे लाइन टाकली कायले तुमी?" मामा एकदा हसून म्हणाला. "माह्यं वझं कमी कराले का वाढवाले?" साहेबही वर लिहीत होते की लाइन उत्तम चालू आहे, तूर्त डाकवाहक ठेवणे आवश्यक आहे. मी गालातल्या गालात हसत होतो. खरं सांगतो, मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. रोज खिसा चाचपायचो, यादी आहे ना म्हणून.

लाइन झाल्यापासून आमच्या बोर्डावर मीच बसायचो. वैशाखातली गोष्ट. ऊन असं की बोर्डाच्या पितळी खुंट्या चटका द्यायच्या. त्या दिवशी सकाळच्या प्रश्नांनंतर साहेबानं पुन्हा फोन लावायला सांगितला नव्हता, आणि मामा परत यायच्या वेळेला आला नाही. पाच वाजले. मी उठून दारापर्यंत जाऊन आलो, दोनदा. मग म्हटलं, विचारावं. विसातला नंबर लावला.

टाइमकीपर बोलला. मी विचारलं, "मामा निंगाले का तिथून?"

"नाही. इथंच हायेत नं."

"काहून? इतका येळ?"

"पडले ना ते सायकलवरून. नाल्याच्या उतारावर. मांडीपासी मोडलं वाट्टे, पाय हालवू देत नाहीत. स्टोअरच्या सावलीत निजवले."

"कवा पडले?"

"सकाळीच. दहा वाजले असतीन."

"आन मले आता सांगून राह्यला तू? सकाळचा माणूस पडला हाय तिथं आन तुमी काय केलं दिवसभर?"

"अरे, वरडू नोको. आमाले काय काळजी नाही का? ट्रक गेला सिमेंटले, दुसरी गाडी नाही. तवाच पत्र लिवलं, जीप पाठवा म्हनून. ओव्हरसियर साहेबाची सही घेतली. जावक नंबर बी टाकला."

"मंग कोनापाशी देल्लं पत्र?"

"डाकेच्या थैलीत टाकलं," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "थैली त्याह्यच्या उशालेच हाय."

"फोन व्हता नं तुह्या समोर! दांडा फिरवाले काय झालं व्हतं?"

"आमच्यापाशी यादी कुठी हाय?" तो म्हणाला. आता तोच चिडला होता. "तुमचा येते तो आमी घेतो. आमाले कराची परवानगी नाही. एकदा केला असता आन उद्या मेमो आला असता तं त्याचा जबाब तू देल्ला असता का?"

मी शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं. यादी माझ्या सदऱ्यात, छातीशी होती, घामानं भिजलेली.

साहेबाची जीप घेऊन मी गेलो. मामा स्टोअरच्या भिंतीशी पोत्यांवर पडला होता, ओठ पांढरे, आणि थैलीचा पट्टा हाताला गुंडाळलेला. मला पाहून म्हणाला, "आला का जीप घेऊन? पत्र पोचलं वाट्टे." मी त्याच्या बाजूला बसलो आणि रडलो. टाइमकीपर, ओव्हरसियर सगळे बघत होते, तरी रडलो. मामाच माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. अकोल्याला नेलं. डॉक्टर म्हणाला, सकाळीच आणायला पाहिजे होतं. पाय वाचला, पण आखूड झाला. सायकल संपली.

आता चौकशी तर होणारच. साहेब चांगला माणूस होता, त्याला खरंच राग आला होता. फोन असताना फोन का केला नाही? टाइमकीपरनं फाइल उघडून पत्र दाखवलं. सोबत यादी जोडली आहे. कुठं आहे यादी? पत्राच्या कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं होती. म्हणजे जोडली होती हे नक्की, पोचली नाही हेही नक्की, आणि मधे कोण होतं? मधे एकच माणूस होता. हेडक्लार्कनं त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं, सदर यादी वाहकाकडून वाटेत गहाळ झाली असे दिसते, खुलासा घ्यावा. आणि तो कागद माझ्या हातात दिला. "तुझ्या मामाचाच आहे, तूच सही घेऊन ये."

मामा अंगणात निंबाखाली बाजेवर पडला होता, पायाला प्लास्टर. भर दुपार. मामी आत भाकरी थापत होती. त्यानं कागद हातात घेतला आणि बोट ठेवून ठेवून वाचला. नावं वाचायचा तसा खणखणीत नाही, हळू. एका शब्दाशी थांबला.

"गहाळ म्हंजे हरवलं नं रे?"

"हो मामा."

"माह्याकडून?"

मी खिशातून यादी काढली. घड्यांवर फाटायला आली होती. त्याच्या छातीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. नर्सिंगची दोन वर्षं, टाचणी, पाकीट. त्यानं यादी उलगडली, साहेबाची सही पाहिली. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मले वाचवाले निंगाला व्हता तू?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण मानेची शीर फुगली होती. "माह्या थैलीत हात घातला? माह्या? अरे, माह्या बायकोनं बी कधी त्या थैलीले हात लावला नाही. पाय मोडला तं मोडला लेका, तो म्हातारपनी मोडलाच असता. हे काय केलं तू?"

"मी उद्या साहेबाले खरं सांगतो, मामा. मीच काढली म्हनून सांगतो."

"आन मंग?"

"मंग काय, काढतीन मले."

त्यानं यादीची पुन्हा घडी घातली. आतून भाकरीचा वास येत होता. मग म्हणाला, "माही तं गेलीच. या पायानं कोनती डाक नेतो मी? तुही बी गेली तं पोरीचं कोन पाह्यीन? तुह्या मायले काय सांगू मी? घे, कागद घे. लिव."

"काय लिवू?"

"लिव का, यादी माह्या हातून वाटेत पडली."

"मामा, मी नाही लिवनार."

"लिव म्हनतो नं!" आता मात्र तो ओरडला, आणि मामी पिठाच्या हातानं दारात आली. मी लिहिलं. त्यानं वाचून पाहिलं, एका ठिकाणी काना राहिला होता तो दाखवला, आणि सही केली. स्वतःचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, जसं पाटीवर शिकला होता तसं. यादी त्यानं मामीला दिली. तिनं न विचारता चुलीत घातली.

नवी यादी तलावावर गेली. मीच घेऊन गेलो. त्या दिवसापासून दोन्ही बाजूंनी दांडे फिरायला लागले, आणि साहेब म्हणाले, आता कशी लाइन चालते! पुढच्या महिन्यात दोन आदेश एकाच दिवशी निघाले. लाइन दोन्ही बाजूंनी समाधानकारक चालू केल्याबद्दल मला कायम केलं. आणि डाकवाहकाला कमी केलं, महत्त्वाचा कागद गहाळ केल्याची नोंद करून. त्या नोकरीवर मी निवृत्त होईपर्यंत राहिलो. मामाची पोरगी नर्स झाली, तिच्या शिक्षणाला मी कमी पडू दिलं नाही, हे सांगायला मला हक्क नाही तरी सांगतो.

मामाचा आदेश पोचवायला माणूस नव्हता, म्हणून मीच घेऊन गेलो. तो कुबडी टेकून दारात उभा होता. पाकीट हातात घेतलं, पण उघडलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "यातलं काही काढलं तं नाही नं?"

मी नाही म्हटलं. त्यानं मामीला हाक मारून पाकीट तिच्या हाती दिलं आणि आत किती कागद आहेत ते मोजायला सांगितलं.